यूकेत नवं लायसन्स आणि स्पीडिंगचं दुसरं पत्र: लायसन्स वाचेल का?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात चौदा वर्षं गाडी चालवलेले एक गृहस्थ सध्या रेडिंगला राहतात. इथली ड्रायव्हिंग टेस्ट पास होऊन आठ महिने झाले. मध्यंतरी ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर ३७ने गेल्याबद्दल पत्र आलं. दंडाऐवजी कोर्स करण्याचा पर्याय होता, पण अर्धा दिवस कोण घालवणार म्हणून त्यांनी १०० पौंड भरले आणि लायसन्सवर ३ पॉइंट (गुन्ह्याबद्दल लागणारे दंडाचे गुण) घेतले. आता दुसरं पत्र आलंय. पुन्हा ३०चाच रस्ता, वेग ४३. नोकरीत क्लायंटच्या साइटवर गाडीनेच जावं लागतं. लायसन्स जाईल का, वकील केला तर वाचेल का, आणि मित्र म्हणतो तसं बायको गाडी चालवत होती असं लिहून दिलं तर चालेल का, असं ते विचारतायत.

मी इंग्लंडमध्ये वाहतुकीच्या खटल्यांची कामं करणारा सॉलिसिटर आहे. मित्राच्या सल्ल्याचा विषय आधी मिटवून टाकतो. बायकोचं नाव घालायचं नाही. पोलिसांच्या फॉर्मवर खोटा ड्रायव्हर लिहिलात की प्रकरण स्पीडिंगचं राहत नाही, न्यायाच्या कामात अडथळा आणल्याचं होतं, आणि त्याला सहसा थेट तुरुंग असतो. राजकारणी ख्रिस ह्यून यांच्या स्पीडिंगचे २००३ मधले पॉइंट त्यांच्या तेव्हाच्या पत्नी व्हिकी प्राइस यांनी स्वतःच्या नावावर घेतले. पुढे ह्यून मंत्री झाले, लग्न मोडलं, प्रकरण बाहेर आलं. मंत्रिपद गेलं, खासदारकी गेली आणि २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली. २०१९ मध्ये पीटरबरोच्या खासदार फियोना ओनासान्या यांना गाडी कोण चालवत होतं याबद्दल खोटं बोलल्यावरून तीन महिने मिळाले. स्पीडिंगला तुरुंग नाही. या लपवाछपवीला आहे, आणि त्यात सही करणारी बायकोही तुमच्याइतकीच अडकते. तुम्ही दोघं व्हिसावर असाल तर पुढचं मी सांगायला नको.

आता मूळ गोष्ट. इथे १९९५चा रोड ट्रॅफिक (न्यू ड्रायव्हर्स) अॅक्ट आहे, १ जून १९९७पासून लागू. टेस्ट पास झाल्याच्या दिवसापासून दोन वर्षं तुम्ही प्रोबेशनवर असता. या दोन वर्षांत केलेल्या गुन्ह्यामुळे तुमचे एकूण पॉइंट ६ किंवा त्याहून जास्त झाले, की डीव्हीएलएने, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याने, लायसन्स रद्द करायचंच असतं. ‘करू शकते’ असं नाही, करायचंच. अधिकाऱ्याला दया दाखवायची मुभा नाही, आणि रद्द करण्याचा निर्णय कोर्टाचा नसल्यामुळे मॅजिस्ट्रेटलाही तो थांबवता येत नाही. कोर्ट किंवा पोलिस पॉइंट लावतात, कळवतात, आणि मागाहून डीव्हीएलएचं पत्र येतं.

‘मी नवा कसा? चौदा वर्षं पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये काढलीत!’ हे मी दर वेळी ऐकतो आणि मला त्यात तथ्यही वाटतं, पण कायद्याला वाटत नाही. ब्रिटन, युरोपच्या आर्थिक क्षेत्रातले देश, आइल ऑफ मॅन, चॅनेल बेटं, जिब्राल्टर यांपैकी कुठलीतरी टेस्ट तुम्ही पहिल्यांदा पास झालात तो दिवस कायदा धरतो. आरटीओची टेस्ट त्यात बसत नाही. भारतीय लायसन्स इथल्या लायसन्सशी बदलूनही मिळत नाही. इथे राहायला आल्यापासून १२ महिने त्यावर गाडी चालवता येते, नंतर प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स) काढून थिअरी आणि प्रॅक्टिकल. त्यामुळे पन्नाशीचे, वीस-पंचवीस वर्षं चालवणारे लोकही इथे कॉलेजच्या पोरांच्या रांगेत ‘न्यू ड्रायव्हर’ म्हणून उभे असतात.

तारखांबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. लोक म्हणतात, प्रकरण लांबवू, दोन वर्षं उलटू देऊ. उपयोग नाही. गुन्हा कोणत्या तारखेला घडला ते पाहिलं जातं. निकाल तिसऱ्या वर्षी लागला तरी लायसन्स जातंच. आणि प्रोव्हिजनलवर असताना लागलेले पॉइंटही पास झाल्यावर पुसले जात नाहीत. तुमच्याबाबतीत तो प्रश्न नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाचा असेल.

दुसरा गैरसमज हार्डशिपचा. ‘नोकरी जाईल, घराचे हप्ते आहेत, मुलांना शाळेत सोडायचंय’ हा बचाव, ज्याला एक्सेप्शनल हार्डशिप म्हणतात, तो तीन वर्षांत १२ पॉइंट झालेल्यांसाठी आहे. तिथे सहा महिन्यांची बंदी टाळायचा अधिकार कोर्टाला असतो. तुमच्या ६ पॉइंटना तो लागूच नाही. कोर्टात एखादा तरुण कंपनीचं पत्र, भाडेकरार, डॉक्टरचा कागद अशी फाइल घेऊन उभा राहतो, पाच मिनिटं मनापासून बोलतो. बेंचवरचे तिघं ऐकून घेतात, खाली बसलेल्या लीगल अॅडव्हायजरकडे, म्हणजे त्यांना कायदा सांगणाऱ्याकडे, बघतात, तो नकारार्थी मान हलवतो. मग मधले मॅजिस्ट्रेट सौजन्याने सांगतात की हे आमच्या हातात नाही. इतकी तयारी करून आलेल्या माणसाला हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, असं मला दर वेळी वाटतं.

तुमची खरी चूक, स्पष्ट बोलतो, राग मानू नका, ४३ने जाण्याच्या आधीची आहे. पहिल्या पत्राच्या वेळी तुम्ही पौंडांचा आणि वेळेचा हिशोब केला. तो पॉइंटांचा करायला हवा होता. यामागे आपल्याकडची सवय असते. पुण्या-मुंबईत ई-चलान येतं, माणूस ते साचू देतो, कधीतरी लोकअदालतीत एकरकमी मिटवतो आणि मोकळा होतो. इथे १०० पौंड भरून मोकळं होता येत नाही, कारण पैशाबरोबर ३ पॉइंट येतात, आणि नव्या ड्रायव्हरकडे खर्चायला एकूण ५च असतात. ३०च्या रस्त्यावर ३५ ते ४२ या वेगाला पोलिस साधारणपणे स्पीड अवेअरनेस कोर्स देतात (७०च्या रस्त्यावर ७९ ते ८६), मागच्या तीन वर्षांत तसा कोर्स झालेला नसेल तर. कोर्स केला की पॉइंट नाहीत, दोषी ठरणंही नाही. बहुतेक ठिकाणी तो ऑनलाइन असतो, काही तासांत आटपतो. तो केला असता तर आज तुमची पाटी कोरी असती आणि ४३च्या ३ पॉइंटनी काही बिघडलं नसतं.

या वेळी मात्र कोर्सची आशा धरू नका. ४३ हा वेग त्या पट्ट्याच्या एक मैल वर आहे. एक मैलावरून पोलिसांशी पत्रव्यवहार करणारे मी पाहिलेत. त्यातून काही निघत नाही.

तर हातातल्या पत्राकडे वळू. त्यात दोन गोष्टी एकत्र असतात: तुमच्यावर कारवाईचा विचार आहे ही नोटीस, आणि गाडी कोण चालवत होतं ते कळवा ही मागणी. नोटीस गाडीच्या नोंदणीकृत मालकाकडे गुन्ह्यापासून १४ दिवसांत पोचायला हवी. पाकिटावरची आणि पत्रावरची तारीख बघा. उशीर झाला असेल तर तो खरा बचाव आहे. पण दोन ठिकाणी लोक इथे फसतात. गाडी लीजवर किंवा कंपनीची असेल तर १४ दिवस कंपनीला गेलेल्या पहिल्या पत्राला लागू होतात, तुमच्याकडे फिरून आलेल्या पत्राला नाही. आणि घर बदललंत पण लॉगबुकवरचा (गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा) पत्ता बदलला नाहीत, तर जुन्या पत्त्यावर वेळेत गेलेलं पत्र वेळेत गेलेलंच धरलं जाईल.

पत्ता न बदलणं हे आपल्या लोकांचं दुखणंच आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत स्लाव, मग रेडिंग, मग मिल्टन कीन्स अशी घरं बदलतात, बँकेला पत्ता कळवतात, डीव्हीएलएला विसरतात. मग ड्रायव्हरचं नाव कळवायचे २८ दिवस निघून जातात. नाव न कळवण्याचा गुन्हा स्वतंत्र आहे आणि त्याला सरळ ६ पॉइंट आहेत. म्हणजे ३ पॉइंटच्या स्पीडिंगचं पत्र न उघडल्यामुळे पहिल्याच फटक्यात लायसन्स जातं. फॉर्म भरला पण सही राहिली, तरी तो न भरल्यासारखाच धरला जातो. सहीची जागा दुसऱ्या पानावर असते आणि घाईत ती सुटते. फोटो मागवायचा असेल तर मागवा, पोलिस बहुतेकदा ऑनलाइन दाखवतात, पण फोटोची वाट बघताना २८ दिवस थांबत नाहीत. आणि तुम्हाला मूळ पत्र मिळालंच नाही, परस्पर कोर्टात दोषी ठरलात असं उशिरा कळलं, तर कळल्यापासून २१ दिवसांत स्टॅट्युटरी डिक्लेरेशन (कायदेशीर प्रतिज्ञेवर दिलेलं निवेदन) करून प्रकरण पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं. त्या २१ दिवसांत हालचाल करा.

फॉर्मवर तुमचं नाव खरेपणाने दिलंत की पुढे काय? ४३ला पोलिस बहुधा पुन्हा १०० पौंड आणि ३ पॉइंटचा प्रस्ताव पाठवतील. तो स्वीकारलात की ६ झाले, लायसन्स गेलं. हे प्रस्तावाच्या कागदावर ठळक लिहिलेलं असेलच असं नाही, त्यामुळे अनेक जण ‘अरे वा, कोर्ट टळलं’ म्हणून पैसे भरतात आणि नंतर डीव्हीएलएचं पत्र वाचून हादरतात.

प्रस्ताव नाकारून कोर्टात गेलात तर? इथे एक फट आहे, आणि इंटरनेटवरचे बरेच वकील तीच विकतात. कायदा पॉइंटवर चालतो. कोर्टाने पॉइंटऐवजी थोड्या दिवसांची बंदी घातली, समजा १४ दिवस, तर त्या गुन्ह्याला पॉइंट लागत नाहीत, तुमचे ३चे ३च राहतात आणि लायसन्स वाचतं. बंदी ५६ दिवसांपेक्षा कमी असेल तर ती संपली की तेच लायसन्स पुन्हा चालू. न्यायालयांच्या शिक्षेच्या मार्गदर्शक तत्त्वांत ३०च्या रस्त्यावर ४१ ते ५० या वेगाला ४ ते ६ पॉइंट किंवा ७ ते २८ दिवसांची बंदी असा पट्टाच दिलेला आहे. म्हणजे तुमचा वेग त्या पट्ट्यात बसतो. पण त्याच मार्गदर्शक तत्त्वांत पुढे हेही लिहिलंय की नव्या ड्रायव्हरने पॉइंटऐवजी बंदी मागितली तर ती देणं साधारणपणे योग्य नाही, कारण त्याने संसदेचा हेतूच डावलला जातो. बेंचला हे वाक्य पाठ असतं. नसलं तर अॅडव्हायजर वाचून दाखवतो.

मग कधी मिळते अशी बंदी? खरं सांगायचं तर वेग जास्त असेल तेव्हा. ३०ला ५१च्या पुढे गेलेल्याच्या बाबतीत बंदी हीच स्वाभाविक शिक्षा असते, तेव्हा बेंचला ती द्यायला अवघड जात नाही. जो जास्त जोरात गेला त्याचं लायसन्स वाचतं आणि तुमच्यासारख्याचं जातं, हा या कायद्यातला विचित्रपणा आहे. मला तो कधीच पटलेला नाही, पण आहे तो असा आहे. ४३ला बंदी मागायची तर काहीतरी ठोस हवं: तुमचं लायसन्स जाण्याने दुसऱ्या कुणाची अडचण होते, आजारी आईला डायलिसिसला नेणारे तुम्ही एकटेच आहात, असं काही. ‘क्लायंटकडे जावं लागतं’ एवढ्यावर मी कुणाला आशा लावणार नाही.

आणि कोर्टात जाण्याचा धोका मोजा. तिथे कमीत कमी ४ पॉइंटपासून सुरुवात होऊ शकते. म्हणजे लायसन्स तर गेलंच, वर ६ऐवजी ७, ८ किंवा ९ पॉइंट घेऊन तुम्ही १२च्या दिशेने निघालात. दंडाचा हिशोबही वेगळा. या पट्ट्यात तो साधारण तुमच्या आठवड्याच्या हातात येणाऱ्या पगाराइतका, कमाल १,००० पौंड. आठवड्याला ८०० हातात येत असतील आणि तुम्ही लगेच कबुली दिलीत, तर एक तृतीयांश सूट धरून सुमारे ५३३, त्यावर ४० टक्के सरचार्ज, म्हणजे साडेसातशेच्या आसपास, शिवाय सरकारी पक्षाचा खर्च आणि तुमच्या वकिलाची फी. कबुलीची सूट दंडाला मिळते, पॉइंटना मिळत नाही. शिवाय कोर्टात दोषी ठरणं आणि वेळेत फिक्स्ड पेनल्टी (तोच १०० पौंड आणि ३ पॉइंटचा प्रस्ताव) भरणं यात फरक आहे. पेनल्टी म्हणजे दोषसिद्धी नव्हे. कायमच्या रहिवासाचा किंवा नागरिकत्वाचा अर्ज समोर असेल, तर कोर्टाचा निकाल तिथे खरेपणाने नोंदवावा लागतो. बहुतेक वेळा एवढ्यावरून अर्ज अडत नाही, पण लपवलं तर अडतो.

कोर्टात जाण्याचं आणखी एक कारण असू शकतं, स्पेशल रीझन्स. गुन्हा झाला, पण घडण्यामागे असं कारण होतं की पॉइंट लावूच नयेत. गाडीत श्वास अडकलेलं मूल होतं आणि तुम्ही हॉस्पिटलला निघाला होता, हे त्यात येतं. मीटिंगला उशीर झाला, रस्ता मोकळा होता, सॅटनॅव्हने (गाडीतल्या जीपीएसने) चुकीची मर्यादा दाखवली, हे येत नाही. ‘३०ची पाटीच दिसली नाही’ हेही सहसा चालत नाही. ज्या रस्त्यावर ठरावीक अंतरावर, २०० यार्डांच्या आत, दिव्यांचे खांब आहेत तिथे वेगळी पाटी नसली तर ३० मैलच धरायचे. पाटी नाही म्हणजे ३०, हे इथे शाळकरी मुलांना माहीत असतं आणि आपल्याला थिअरीच्या पुस्तकात एकदा वाचून विसरलेलं असतं. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३पासून असे रस्ते २०चे झाले आहेत. कार्डिफला पाहुणे म्हणून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

एक शक्यता तुमच्या बाबतीत नसली तरी मी हमखास विचारतो: दोन्ही गुन्हे एकाच फेरीतले आहेत का? पाच मिनिटांच्या अंतराने दोन कॅमेऱ्यांनी टिपलं, तर ‘एकाच प्रसंगातले’ गुन्हे म्हणून साधारणपणे एकाचेच पॉइंट लागतात. उलट ऑफिसच्या वाटेवर नवा कॅमेरा बसलाय हे न कळता सोमवार, मंगळवार, बुधवार तिन्ही दिवस त्याच ठिकाणी ३६ने गेलात, तर पहिलं पत्र घरी पोचायच्या आत तीन गुन्हे झालेले असतात. ते तीन प्रसंग आहेत. एकावर कोर्स मिळेल, दुसऱ्यावर ३, तिसऱ्यावर आणखी ३. अशी नवी ड्रायव्हर मंडळी माझ्याकडे येतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यांना सावध व्हायची संधीच मिळालेली नसते.

तुम्ही जे लिहिलंय तेवढ्यावरून माझा सल्ला: नोटिशीची तारीख तपासा, स्वतःचं नाव वेळेत आणि सहीसकट कळवा, १४ दिवसांचा किंवा स्पेशल रीझन्सचा मुद्दा नसेल तर प्रस्ताव स्वीकारा आणि कोर्टावर घालवायचे पैसे ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टरवर घालवा. डीव्हीएलएच्या पत्रात रद्द होण्याची तारीख असेल. त्या दिवसापर्यंत चालवू शकता. त्या दिवसानंतर चालवलीत तर इन्शुरन्सही धोक्यात येतो, गाडी जप्त होऊ शकते, आणि विना इन्शुरन्सचे ६ ते ८ पॉइंट वेगळे. ‘माझं भारतीय लायसन्स अजून चालू आहे, त्यावर चालवतो’ ही कल्पना डोक्यातून काढा. तुमचे १२ महिने कधीच संपले. सुट्टीत पुण्याला गेलात तर तिथे ते चालेल, इथे नाही.

लायसन्स गेल्यावर पुन्हा प्रोव्हिजनलचा अर्ज, मग थिअरी, मग प्रॅक्टिकल. प्रॅक्टिकलच्या तारखा बऱ्याच केंद्रांवर महिनोन्‌महिने पुढच्या मिळतात, म्हणून प्रोव्हिजनल हातात आल्या दिवशी थिअरी बुक करा आणि तोवर ऑफिसला ट्रेनने कसं जाता येईल ते आत्ताच साहेबांशी बोलून ठेवा. पत्र आल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेलं चांगलं पडतं. एल प्लेट लावून सराव करायचा तर शेजारी २१ वर्षांवरचा आणि किमान तीन वर्षं पूर्ण लायसन्स असलेला माणूस हवा. बायकोने मागच्या वर्षी टेस्ट पास केली असेल तर ती चालणार नाही, तिचा भारतातला अनुभव कितीही असो. मोटरवेवर तर फक्त मान्यताप्राप्त इन्स्ट्रक्टरबरोबर, दुहेरी ब्रेकच्या गाडीत. इन्शुरन्स कंपनीला लायसन्स रद्द झाल्याचं कळवा, लर्नर म्हणून पॉलिसी बदलून घ्या. पुढची काही वर्षं प्रीमियम वाढलेला राहील.

पुन्हा पास झालात की दुसऱ्यांदा दोन वर्षांचं प्रोबेशन लागत नाही. तुमचे ६ पॉइंट मात्र तसेच राहतात, आणि गुन्ह्यांच्या तारखांपासून तीन वर्षांत आणखी ६ झाले तर किमान सहा महिन्यांची बंदी समोर उभी राहते. तेव्हा मात्र नोकरीचं पत्र आणि घराचे हप्ते घेऊन या, तिथे ते ऐकून घ्यायचा अधिकार कोर्टाला आहे.

हे सगळं इंग्लंड-वेल्सपुरतं लिहिलंय. कायदा स्कॉटलंडलाही लागू आहे, पण तिथली कोर्टाची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे तिकडच्यांनी तिथलाच वकील गाठावा.